वाचकांचे प्रश्न : लेक मिशिगनवर लेक ट्राउट आणि सॅमनचे ट्रोलिंग

उन्हाळा जवळ येऊ लागला की शिकागो, मिलवॉकी आणि ग्रँड रॅपिड्स परिसरातील वाचकांच्या पत्रांत लेक मिशिगनवरच्या मासेमारीचे प्रश्न हमखास येतात, आणि मुलांकडे सुटीला निघालेले इकडचे आईवडीलही त्यांत भर घालतात. या वेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच प्रकाराविषयी आहेत, तो म्हणजे चालत्या बोटीमागे ठरावीक खोलीवर आमिष ओढत नेऊन लेक ट्राउट आणि सॅमन पकडणे, अर्थात ट्रोलिंग. आपल्याकडच्या ट्रॉलरांशी त्याचा संबंध नाही. ते जाळे ओढतात, इथे गळ ओढला जातो.

प्रश्न : मी नेपरव्हिल येथे राहतो. एप्रिलमध्ये मित्राच्या १८ फुटी बोटीतून शिकागोच्या किनाऱ्यालगत, वीस-तीस फूट पाण्यातच, आम्हाला कोहो सॅमन भरपूर मिळाले. जुलैमध्ये त्याच जागी, त्याच आमिषांनी दिवसभर फिरूनही एक मासा लागला नाही. मासे जातात कुठे?

त्यांना मानवणारे थंड पाणी तिथून निघून जाते आणि मासे त्या पाण्यामागे जातात. लेक मिशिगन उत्तर-दक्षिण सुमारे ३०० मैल पसरलेला आहे आणि त्याची कमाल खोली ९२३ फूट आहे. इतका मोठा जलसाठा सगळीकडे एकाच वेळी तापत नाही. हिवाळा सरताना बहुतेक पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही थंड असते. अशा वेळी दक्षिण टोकाचा उथळ किनारा, म्हणजे इंडियाना आणि इलिनॉयचा पट्टा, सर्वांत आधी थोडासा कोमट होतो आणि कोहो तिथे गोळा होतात. त्या दिवसांत लहान बोटीलाही ते सापडतात, कारण ते पृष्ठभागाजवळ आणि किनाऱ्याजवळ असतात. लहानसा लाल किंवा नारिंगी डॉजर (पाण्यात डोलणारी चकाकती पट्टी) आणि त्यामागे छोटी फ्लाय (धाग्यांचे हलके आमिष) ही जोडी शिकागो आणि मिशिगन सिटीच्या बाजूला वर्षानुवर्षे चालत आली आहे.

मे-जूनमध्ये पाणी आणखी तापले की कोहो उत्तरेकडे आणि खोल पाण्याकडे सरकतात. जुलैपर्यंत तलावाचे थर पडलेले असतात. वरचे पाणी ७० अंश फॅरनहाइटच्या घरात, तळाचे ४० ते ४५ च्या दरम्यान, आणि या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा, ज्यात दर काही फुटांना तापमान झपाट्याने उतरते. यालाच थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूक (सॅमनची मोठी जात) आणि कोहो यांना साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइट (१० ते १३ अंश सेल्सिअस) मानवते, स्टीलहेड हा ट्राउट त्याहून थोड्या उबदार पाण्यात आणि पुष्कळदा वरच्या थरात फिरतो, तर लेक ट्राउट ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात, बहुधा तळाशी, राहतो. तुम्ही जुलैमध्ये वीस फूट पाण्यात फिरलात तेव्हा तिथे वरपासून तळापर्यंत या माशांना सोसणारे पाणीच बहुधा शिल्लक नव्हते.

आता यातली खरी मेख वाऱ्यात आहे. वारा वरचे कोमट पाणी ज्या किनाऱ्यापासून दूर लोटतो, त्या किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे आपल्या गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळते. त्यामुळे दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला की विस्कॉन्सिनच्या बाजूला थंड पाणी वर येते, आणि उत्तरेचा वारा टिकला की मिशिगन राज्याच्या बाजूला. काल ज्या ठिकाणी ५२ अंशांचे पाणी ऐंशी फुटांवर होते तिथे आज ते तीस फुटांवर आलेले असू शकते. म्हणून धक्क्यावर कुणी ‘काल साठ फुटांवर लागत होते’ असे सांगितले, तर ती बातमी कालची समजावी आणि कोणत्या तापमानाला लागत होते ते विचारावे. बरेच जण खोली विचारतात. तापमान विचारणारे थोडे असतात, आणि बर्फपेटी बहुधा त्यांचीच भरते.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पूर्ण वाढलेले चिनूक अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखांशी जमू लागतात, मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावरील लडिंग्टन आणि मॅनिस्टी येथे तर विशेषच. त्या वेळी ते पहाटेच्या अंधारात अगदी उथळ आणि नको तितक्या कोमट पाण्यातही घुसतात. त्यांचे खाणे जवळजवळ थांबलेले असते, तरी डिवचल्यासारखे होऊन ते आमिषावर तुटून पडतात.

प्रश्न : माझ्या बोटीवर दोन डाउनरिगर (तारेवर जड गोळा सोडून आमिष हव्या त्या खोलीवर नेणारी चरखी) आहेत, गोळे १० पौंडांचे. जीपीएसवर वेग कायम ताशी २.४ मैल ठेवतो. तरीही तोच स्पून (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) एके दिवशी चालतो आणि दुसऱ्या दिवशी ढुंकूनही पाहत नाहीत. कधी तर जाताना मासे लागतात आणि परतताना त्याच रेषेवर काहीच नाही. (मिलवॉकी)

जीपीएस बोट जमिनीच्या हिशेबाने किती सरकली ते सांगते. ऐंशी फूट खाली तुमच्या स्पूनभोवतीचे पाणी स्वतः कोणत्या दिशेला चालले आहे, हे त्याला कळत नाही. लेक मिशिगनला भरती-ओहोटी नावापुरतीच आहे, परंतु वाऱ्याने वरचा थर एका बाजूला सरकला की खालचा थर भलत्याच दिशेने वाहू लागतो, आणि वारा पडल्यावरही हे वाहणे चालू राहते. समजा, खालचे पाणी ताशी अर्ध्या मैलाने दक्षिणेकडे चालले आहे. तुम्ही २.४ ने दक्षिणेला निघालात तर स्पूनला पाण्यातून मिळणारा वेग १.९ होतो, वळून उत्तरेला निघालात तर तोच २.९ होतो. पहिल्यात स्पून मरगळतो, दुसऱ्यात गिरक्या घेऊ लागतो. बोटीवर मात्र दोन्ही वेळा पडद्यावर २.४ च दिसते आणि दोष आमिषाच्या रंगावर जातो.

यावर चांगला उपाय म्हणजे गोळ्याच्या वर तारेला अडकवायचा प्रोब, जो त्या खोलीवरचा वेग आणि तापमान दोन्ही वर कळवतो. तो स्वस्त नाही, काही शे डॉलर लागतात. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की स्पूनचा पुढचा डबा घेण्याआधी हे उपकरण घ्यावे. चिनूक आणि कोहोसाठी गोळ्यापाशी २.२ ते २.८ मैल, आणि लेक ट्राउटसाठी १.५ ते २ मैल, हा पल्ला धरून सुरुवात करावी.

प्रोब नसेल तर डाउनरिगरच्या तारेचा कोन पाहावा. बोट पुढे जाताना गोळा मागे ओढला जातो आणि तार तिरकी होते. एका दिशेला मासे लागत असताना ती किती तिरकी आहे हे बोटीच्या कठड्यावरच्या एखाद्या खुणेशी जुळवून लक्षात ठेवावे, आणि वळल्यावर आकडा काहीही दिसो, तार त्याच कोनात येईपर्यंत इंजिन कमी-जास्त करावे. तार तिरकी असते म्हणूनच गोळा मोजपट्टीवरच्या आकड्याइतका खोल नसतो हेही ध्यानात राहील; सोडलेली तार शंभर फूट असली तरी गोळा काही फूट वरच असतो आणि वेग वाढला की आणखी वर येतो. खोल पाण्यात १० ऐवजी १२ किंवा १५ पौंडांचा गोळा वापरण्याचे कारण तेच आहे. फिशफाइंडरच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या) लहरींचा कोन रुंद असेल तर गोळा पडद्यावर आडव्या रेषेसारखा दिसतो, त्यावरून खरी खोली कळते.

आणखी एक सवय लावून घ्यावी, ती म्हणजे नाकासमोर सरळ न जाता सावकाश नागमोडी जाणे. वळताना आतल्या बाजूच्या दोऱ्यांचा वेग कमी होऊन आमिषे खाली बसतात आणि बाहेरच्या बाजूची वेगाने वर चढतात. वळणावर आतला गळ लागला तर वेग कमी करून पाहावा, बाहेरचा लागला तर वाढवावा. मासा स्वतः याहून स्पष्ट काय सांगणार!

गळ सोडण्याच्या पद्धतीतही वेग तपासता येतो. स्पून गोळ्याजवळच्या क्लिपला लावण्याआधी बोटीच्या बाजूला दोन हात लांब दोरीवर धरून पाहावा. तो डावी-उजवीकडे डोलला पाहिजे आणि अधूनमधून जवळजवळ उलटून पुन्हा सावरला पाहिजे. सतत गोल फिरत असेल तर वेग जास्त आहे आणि थोड्याच वेळात तंगुसाला (गळाच्या दोरीला) पीळ पडेल. मग पाठीमागे हवे तेवढे अंतर सोडून तंगूस क्लिपमध्ये अडकवावा, गोळा खाली न्यावा आणि काठी टोकाकडून चांगली वाकेपर्यंत रीळ ताणून घ्यावे. मोठा मासा लागला की क्लिप सुटते, काठी क्षणभर सरळ होते आणि पुन्हा वाकते. त्या क्षणी नवखा माणूस काठी जोरात हिसकतो. तसे न करता, ढिला पडलेला तंगूस रिळावर भराभर घ्यावा आणि वजन जाणवू लागले की काठी उचलावी. लहान कोहोला मात्र क्लिप सोडवण्याइतकी ताकद नसते. तो तसाच ओढला जात राहतो आणि काठीचे टोक फक्त थरथरते, त्यामुळे टोकांकडे सतत लक्ष हवे.

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीला सुरमईसाठी बोटीमागे आमिष ओढतात, त्यात एवढी यंत्रसामग्री लागत नाही. तलावातल्या माशांसाठी इतका खटाटोप का?

सुरमई वरच्या पाण्यात शिकार करते आणि वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावते, त्यामुळे तिथे बोटीचा वेगही कितीतरी अधिक असतो आणि खोलीचा प्रश्न फारसा येत नाही. इथे हलके आमिष, मंद वेग आणि शंभर फूट खोली या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. साध्या शिशाने आमिष तिथवर पोहोचेल, पण मासा लागल्यावर ते वजनही माशाबरोबर ओढावे लागेल. डाउनरिगरमध्ये वजन वेगळ्या तारेवर असते आणि मासा क्लिपमधून सुटला की काठीवर फक्त मासा राहतो.

बाकीची साधने एकमेकांना पूरक आहेत. डायव्हर ही पाण्याच्या दाबाने खाली आणि बाजूला जाणारी चकती. तिच्या बुडाची खूण फिरवून ती डावीकडे न्यायची की उजवीकडे हे ठरवता येते. लेड-कोअर म्हणजे पोटात शिशाची तार असलेली विणलेली दोरी, जिचा रंग दर दहा यार्डांना बदलतो. दोन मैलांच्या आसपास वेग असेल तर एका रंगाला सुमारे पाच फूट खोली धरतात, म्हणून इथले लोक ‘पाच रंग सोडले’ अशा भाषेत बोलतात. प्लॅनर बोर्ड पाण्यावर तरंगत दोरीला बोटीपासून आडवे दूर ओढून नेतो, पतंग मांजाला ओढतो तसा. झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून इतके नितळ केले आहे की उथळ पाण्यात मासे बोटीच्या सावलीला बुजतात. तिथे बोर्डाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. मिशिगन राज्यात एका व्यक्तीला तीन काठ्या वापरता येतात, म्हणजे चौघांच्या बोटीला बारा. पहिल्या खेपेला चार-पाचच्या पुढे जाऊ नये. गुंता सोडवण्यात सकाळ जाते.

प्रश्न : चार्टर (कप्तानासह भाड्याने मिळणाऱ्या) बोटीचे कप्तान लेक ट्राउट लागला की तोंड वाकडे करतात आणि किंग सॅमन लागला की आरडाओरडा करतात. लेक ट्राउट खरेच कमी प्रतीचा मासा आहे का? मुद्दाम तोच पकडायचा असेल तर काय करावे? (ग्रँड रॅपिड्स)

किंग, म्हणजे चिनूक, शंभर यार्ड दोरी एका दमात पळवतो आणि लेक ट्राउट जड गोणीगत वर येतो, डोके झटकत राहतो. तोंड वाकडे होण्यामागे एवढेच कारण आहे. परंतु या तलावाचा मूळ रहिवासी कोण, असे विचारले तर उत्तर लेक ट्राउट हेच आहे. चिनूक आणि कोहो हे दोघेही पॅसिफिकहून आणलेले पाहुणे.

तो इतिहास थोडा सांगायला हवा, कारण आज कोणता मासा कुठे सापडतो हे त्यावरच अवलंबून आहे. अटलांटिकमधील सी लॅम्प्री हा रक्तशोषक, जबडा नसलेला प्राणी नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यातून वरच्या तलावांत शिरला आणि १९३६ मध्ये लेक मिशिगनमध्ये आढळला. एक लॅम्प्री आपल्या परजीवी आयुष्यात चाळीस पौंडांपर्यंत मासे मारू शकतो. त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लेक मिशिगनमधला मूळ लेक ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला. खाणारा मोठा मासा उरला नाही तेव्हा समुद्रातूनच आलेल्या एलवाइफ या छोट्या माशाने तलाव व्यापला. १९६७ च्या उन्हाळ्यात तर मेलेल्या एलवाइफचे ढीग शिकागोच्या किनाऱ्यावर यंत्रांनी उचलावे लागले. दरम्यान लॅम्प्रीच्या अळ्या मारणारे टीएफएम हे रसायन सापडले होते आणि नद्यांत त्याचा वापर सुरू झाला होता. लेक ट्राउटची पिल्ले १९६५ पासून पुन्हा सोडण्यात येऊ लागली. मिशिगनच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी १९६६ मध्ये कोहो सोडले आणि पुढच्या वर्षी चिनूक. उपद्रवी एलवाइफचे रूपांतर खेळाच्या माशात करावे, हा त्यांचा विचार होता आणि तो कल्पनेपलीकडे यशस्वी झाला.

यातला कच्चा दुवा नंतर दिसला. चिनूक जवळजवळ सर्वस्वी एलवाइफवर जगतो. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले आणि त्यांच्यामागोमाग चिनूकही. लेक ट्राउट मात्र तळाशी आलेल्या राउंड गोबी या छोट्या माशावर निभावून गेला, किंबहुना एलवाइफ कमी झाल्याचा त्याला फायदाच झाला. एलवाइफच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते आणि ते खाणाऱ्या माद्यांची पिल्ले मरतात. लेक मिशिगनमध्ये चिनूक सोडण्याची संख्या २०१३ आणि २०१७ मध्ये कमी केली गेली ती एलवाइफचा साठा टिकावा म्हणूनच. म्हणून लेक ट्राउटला कमी प्रतीचा म्हणणे मला पटत नाही. किंग रुसलेल्या दिवशी हेच कप्तान निमूटपणे तळाकडे वळतात, हेही पाहिलेले आहे.

मुद्दाम पकडायचा असेल तर वेग दोन मैलांच्या खाली आणा आणि आमिष तळाच्या अगदी जवळ ठेवा. उन्हाळ्यात १०० ते २०० फूट पाण्यात, खडकाळ उंचवट्यांच्या कडांना किंवा सपाट चिकणमातीच्या तळावर तो सापडतो. इलिनॉयच्या हद्दीतील ज्युलियन्स रीफ ही अशीच एक जुनी जागा. गोळ्यामागे पाच-दहा फुटांवरच चकाकत्या पत्र्यांची माळ आणि तिच्यामागे फिरकीचे छोटे आमिष लावतात. गोळा अधूनमधून तळाला टेकवून पुन्हा फूटभर उचलावा. टेकताना तळाचा गाळ उडतो, आणि गाळात काहीतरी चालले आहे असे पाहून लेक ट्राउट कुतूहलाने जवळ येतो. जिथे तळ एकदम चढतो तिथे नकाशा पाहून गोळा आधीच वर घ्यावा, अन्यथा तार तुटून गोळा कायमचा जातो.

मासा हाती आल्यावर त्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो तो पाहावा. तो कापलेला असेल तर मासा मत्स्यबीज केंद्रातून सोडलेला, आणि बहुधा त्याच्या नाकात सूक्ष्म तारेची खूण असते. संशोधकांनी डोके मागितल्यास अवश्य द्यावे. तो पर शाबूत असेल तर मासा तलावातच जन्मलेला असण्याची शक्यता मोठी, आणि अशा लेक ट्राउटची संख्या आता दक्षिण भागात वाढते आहे.

प्रश्न : कोणता रंग चालतो?

पहाटे अंधारात चमकणारे, दिवस चढल्यावर चांदी-निळे-हिरवे, एवढे पुरेसे आहे. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो, त्यामुळे शंभर फुटांवर लाल स्पून लाल राहतच नाही. मोठा फिरता फ्लॅशर (चकाकती पट्टी) लावला तर त्यामागच्या फ्लायची दोरी दोन फुटांच्या आसपास असावी. ही लांबी बदलून पाहणे रंग बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : मुलगा दर आठवड्याला तलावातले मासे आणतो. सून गरोदर आहे. दुकानात मिळणाऱ्या सॅमनसारखेच हे मासे निर्धास्त खावेत का? मी रावसासारखे कालवण करते. (ठाण्याहून सध्या मिलवॉकीत)

निर्धास्त नव्हे. पीसीबी या औद्योगिक रसायनांच्या उत्पादनावर अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी आली, तरी ती तलावाच्या गाळात आणि माशांच्या चरबीत अजून आहेत. मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका चरबीयुक्त, तितके प्रमाण अधिक. चिनूक तीन-चार वर्षांत आयुष्य संपवतो, कोहो त्याहूनही लवकर. लेक ट्राउट वीस-पंचवीस वर्षेही जगतो आणि चरबीलही असतो, म्हणून मोठ्या लेक ट्राउटबाबत इशारे सर्वांत कडक असतात. प्रत्येक राज्य जात आणि लांबी यांनुसार महिन्यात किती वेळा खावे याचे कोष्टक प्रसिद्ध करते आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी त्यात वेगळा रकाना असतो. तुमच्या सुनेने तो रकाना पाहून आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे मासे खावेत. दर आठवड्याचा रतीब तिच्यासाठी नको.

घरातल्या इतरांसाठी साफ करण्याची पद्धत बदला. कातडी काढावी, पोटाकडची पातळ चरबीची पट्टी कापून टाकावी, पाठीच्या कण्यालगतची चरबी आणि बाजूने जाणारी गडद रेषाही काढावी. यामुळे पीसीबी बरेच कमी होतात; पारा मात्र मांसातच असतो, तो कापून जात नाही. आणि इथे कालवणाला मुरड घालावी लागेल, कारण माशातून सुटलेली चरबी रश्श्यातच राहते आणि आपण तो भाताबरोबर शेवटच्या थेंबापर्यंत खातो. त्यापेक्षा मालवणी मसाला लावून जाळीवर भाजावा, म्हणजे चरबी खाली गळून जाईल. रवा लावून तव्यावर तळलात तर उरलेले तेल पुन्हा वापरू नये. लहान कोहो यासाठी उत्तम, लेक ट्राउट भाजण्यासाठी किंवा धुरी देण्यासाठी. मुलाला एवढे सांगा की मासा बोटीत येताच कल्ले कापून रक्त काढावे आणि लगेच बर्फात ठेवावा. वास येतो अशी तक्रार निम्म्याहून अधिक वेळा तिथेच मिटते.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पकडलेला लेक ट्राउट परत सोडला तर जगतो का?

खोलीतून वर आल्याचा त्याला तितका त्रास होत नाही, कारण त्याच्या वाताशयाची नळी घशाशी उघडी असते आणि वर येताना तो हवा सोडतो. दोरीजवळ बुडबुडे दिसतात ते त्याचेच. घात करतो तो वरचा ७० अंश फॅरनहाइटचा थर. थकलेला मासा ४५ अंशांतून त्या पाण्यात आला आणि वर दोन मिनिटे छायाचित्रांसाठी धरला, तर त्याच्या जगण्याची आशा धरू नये. सोडायचा असेल तर बोटीबाहेरच गळ काढून, डोके खाली करून जोराने पाण्यात सोडावा, म्हणजे तो त्याच वेगात थंड थरात पोहोचेल. ठेवता येण्याची मर्यादा पूर्ण झाली असेल तर उन्हाळ्यात तळाची मासेमारी तिथेच थांबवावी.

प्रश्न : आम्ही दोघे, वय पासष्टच्या पुढे, जुलैमध्ये मुलाकडे जात आहोत. त्याची स्वतःची १६ फुटी बोट आहे. तिच्यातून जावे की चार्टर करावे? काय तयारी लागेल? (पुणे)

पहिल्या वेळी चार्टर करावे. लेक मिशिगनच्या लाटा समुद्रापेक्षा ठेंगण्या असल्या तरी एकमेकींना चिकटून येतात, आणि लहान बोटीला एका लाटेतून सावरायला दुसरीपर्यंत वेळ मिळत नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये, कोहोच्या पहिल्या मोठ्या हंगामात, मिशिगन राज्यातील प्लॅट बे परिसरात शेकडो लहान बोटी वादळात सापडल्या आणि सात जण मृत्युमुखी पडले. माशांच्या ओढीने लोक वाऱ्याचा इशारा डावलून गेले होते. शिवाय थंड थर वर आलेला असेल तर जुलैतही किनाऱ्यालगत पाणी ५० अंश फॅरनहाइटचे असू शकते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास आवरायला एक मिनिट आणि हातपाय उपयोगी पडतील असा सुमारे दहा मिनिटांचा वेळ मिळतो, म्हणून लाइफ जॅकेट बाकाखाली न ठेवता अंगावर घालावे. मुलाबरोबर नंतर कधी गेलात, तर वाऱ्याचा अंदाज त्या सकाळी पुन्हा पाहावा, व्हीएचएफ रेडिओ सोबत असावा आणि त्याचा मदत मागण्याचा १६ क्रमांकाचा चॅनेल तुम्हा दोघांनाही वापरता यावा.

सहा प्रवाशांपर्यंतच्या चार्टरच्या कप्तानाकडेही अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना असावाच लागतो. विचारायला संकोच करू नये. तुम्ही पाहुणे असलात तरी मासेमारीचा परवाना तुमच्या नावाने लागेल. तो एक-दोन दिवसांपुरताही मिळतो, आणि विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना या राज्यांत ट्राउट-सॅमनसाठी वेगळा स्टँप लागतो का तेही आरक्षण करतानाच कप्तानाला विचारून घ्यावे. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी, जमल्यास आदल्या रात्रीच घ्यावी. बोटीत मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नसते. शहरात उकाडा असला तरी पहाटे पाचला तलावावर गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट बरोबर घ्यावे. मासे कापून पिशव्यांत भरून देण्याचे काम बहुधा कप्तानाचा मदतनीस करतो, आणि भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के त्याला वेगळे देण्याचा तिथे रिवाज आहे. तेवढी रक्कम रोख जवळ ठेवावी.